दोन्ही हातांनी धरलेला कठडा

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. पण आता मुलाने न्हाणीघरात आधारासाठी स्टीलचा दांडा बसवून दिलाय. रोज सकाळी तो दोन्ही हातांनी धरला की मला अंदमानातली ती बोट आठवते.

दोन बेटांच्या मधे समुद्र अचानक उसळला होता. मघापर्यंत गाण्याच्या भेंड्या खेळणारे सगळे मुलांना कवटाळून बसले. माझा मित्र दिनू कडेला होता. बोट कलली, तो मागे झुकला आणि त्याने माझ्याकडे हात पुढे केला. मी अगदी शेजारी होतो. मी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा माझी बायको सुमन त्याची कॉलर मुठीत धरून त्याला आत ओढत होती.

डोळ्यांत खारं पाणी गेलेल्या दिनूला काही दिसलं नव्हतं. रात्री जेवताना तो म्हणाला, "वहिनी, या हडकुळ्याने ओढलं हो मला! अंगात जीव नाही, पण सोडलं नाही लेकाने." सगळे हसले. सुमनने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्याला भात वाढला. दिनू मरेपर्यंत हेच सांगत राहिला.

भीतीच्या क्षणी हात कुठे जातो ते आपण ठरवत नाही, अशी मी स्वतःची समजूत घालतो. पण त्या जेवणाच्या वेळी खरं सांगायला भीती कसली होती?

"अहो, धरलंत ना नीट?" सुमन रोज दाराबाहेरून विचारते.

"धरलंय," मी म्हणतो. मग नळ सोडून पुटपुटतो, "सुमन, तो हात तुझा होता. मला माफ कर." पाण्याच्या आवाजात तिला ते ऐकू जात नाही.