वर्लिनची बोलती बंद

वर्लिन कोपेकी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि दिवसभर बोलायचा. नेब्रास्कातल्या आमच्या गावात त्याला गप्प बसलेला कुणी पाहिलाच नव्हता. मुलगी मार्ला व्हॉलीबॉल खेळायला लागली, तसा तर त्याच्या बडबडीला ऊतच आला. कॉलेजच्या कोचना काय हवं असतं, हे तो गिऱ्हाइकाला इंजिन उघडं टाकून ऐकवायचा. "उंची, उडी आणि फटका! बाकी सगळं झूट."

मार्लाची उंची बेताचीच. ती सेटर, म्हणजे दुसरीच्या फटक्यासाठी चेंडू उचलून देणारी. शाळेचं शेवटचं वर्ष, ओमाहातली ही शेवटची स्पर्धा, आणि अजून एकाही कॉलेजनं आपल्या संघात घ्यायला विचारलं नव्हतं. आज कुणाच्या नजरेत भरली नाही, तर खेळ इथेच संपणार होता.

आणि तिचा संघ सपशेल हरला.

या स्पर्धांत हरलेल्यांना लगेच घरी पळता येत नाही. पुढच्या सामन्याला पंचांच्या हाताखाली राबावं लागतं. पोरी जांभया देत कसंबसं उरकतात. मार्लाच्या हाती रेषेवरचा झेंडा आला, चेंडू आत की बाहेर ते दाखवायचा.

वर्लिन तिच्यामागच्या बाकावर येऊन बसला. "मार्ले, दे तो झेंडा दुसरीला! चल, बर्गर खाऊ. आता कोण बघतंय?"

"बाबा, गप्प बसा ना!"

"हट्टी आहे कार्टी," तो शेजारच्या जाकीटवाल्या बाईंना म्हणाला. "आईवर गेलीय." बाई नुसत्या हसल्या.

सामना अगदी रंगात आला होता. टेसा नावाच्या सहा फुटी पोरीनं जीव खाऊन फटका मारला. मार्लाचा झेंडा ताडकन वर गेला. चेंडू बाहेर!

टेसा अंगावर धावून आली. "आंधळी आहेस का गं? स्वतः हरलीस म्हणून आमच्यावर राग काढतेस?"

मार्लाचे कान लालबुंद झाले, पण झेंडा खाली आला नाही. पंचांनीही विचारलं, "नक्की?"

"बाहेरच होता," मार्ला म्हणाली.

वर्लिन बाह्या सरसावून उठला. "ए भवाने, माझ्या पोरीला..."

बाईंनी त्याचा शर्ट धरून खाली ओढला. "बसा हो! ती बघून घेईल." ओढाताणीत त्यांचं जाकीट उघडलं आणि आतल्या शर्टावर कॉलेजचं नाव दिसलं.

"अरे देवा! तुम्ही कोच? आणि मी काय काय बरळलो!"

"ऐकलं सगळं. सेटर हवीय मला. सकाळपासून हिचा खेळ बघतेय. हात झकास आहेत, पण माझं मन होत नव्हतं. आता झालं. उडी मी शिकवीन हो, पण असं ठाम उभं राहायला कुठून शिकवू?"

वर्लिन हाक मारायला तोंड उघडणार, तोच बाई म्हणाल्या, "खबरदार! नियमच आहे, तिचं काम संपेपर्यंत मला तिच्याशी बोलायची परवानगी नाही. तुम्हीही अवाक्षर काढायचं नाही."

झालं! जन्मातली सगळ्यात मोठी बातमी पोटात, आणि बोलायची बंदी. वर्लिननं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

एवढा वेळ मागून आवाज कसा नाही, म्हणून मार्लानं वळून पाहिलं.

"बाबा," ती घाबरून म्हणाली, "डॉक्टरांना बोलवू का?"