भानुमतीबाईंच्या आवारातल्या कोंबड्या

भानुमतीबाईंनी जन्मात अंडं हातात धरलं नव्हतं. धर्म बाटेल म्हणून नव्हे, वासानंच त्यांना मळमळायचं. अशा बाईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शंभर ब्रॉयलर कोंबड्या येऊन बसाव्यात, ही करणी लक्ष्मणरावांची.

बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी शहरातला फ्लॅट मुलाला दिला आणि चितेगावच्या पुढं मुरमाड जमीन घेतली. गाय आणली. गवत मात्र येईना. कुसळं आणि गाजरगवत तेवढं उगवे. मग त्यांनी मोबाइलवर कुठंतरी पाहिलं, की गाय चरून गेल्यावर मागं बिनतळाच्या पिंजऱ्यात कोंबड्या ठेवायच्या, रोज सकाळी पिंजरा त्याच्याच लांबीएवढा पुढं ओढायचा, म्हणजे सगळ्या रानाला खत मिळतं.

"अहो, पण आपण या कोंबड्यांचं करायचं काय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. कापायच्या नाहीत, विकायच्या नाहीत. राहतील आपल्या गाईसारख्या."

पिल्लं विकणाऱ्यानं गावरान दाखवली, तर यांनी ब्रॉयलर उचलली. का, तर ती जास्त खातात. जास्त खातात म्हणजे जास्त घाण करतात. जास्त घाण म्हणजे जास्त खत. हिशेब बँकेत शोभेल असा बिनचूक होता. ही जात दीड महिन्यात कापण्यासाठीच वाढवलेली असते, एवढंच त्यात धरलं नव्हतं.

पहिला महिना बरा गेला. पिंजरा पुढं सरके तसे मागं हिरवेगार चौकोन उमटत. लक्ष्मणराव पाहुण्यांना ते चौकोन दाखवायचे आणि पाहुणे नाकाला रुमाल लावून "वा वा" म्हणायचे. वास बाईंच्या वाळत घातलेल्या चादरींत शिरला, उशीत शिरला. एकदा लोणी कढवताना त्यांना तुपालाही तोच वास आला. त्यांनी पातेलंच्या पातेलं बाहेर ओतलं. लक्ष्मणराव म्हणाले, "तुला भास होतात."

दोन महिने उलटले आणि कोंबड्या चालेनाशा झाल्या. अंग एवढं फुगलं, की पायांना पेलवेना. दाण्यापर्यंत छातीवर सरपटत यायच्या आणि तिथंच, स्वतःच्या घाणीत, चोच उघडी टाकून धापा टाकायच्या. छातीची पिसं झडून लालभडक कातडं दिसायला लागलं. पिंजरा ओढला, तर मागच्या दांडीखाली एकीचा पाय सापडला. तेव्हापासून लक्ष्मणरावांनी ओढणंच सोडलं. पिंजरा एका जागी राहिला आणि खाली साचलेल्या थरानं तिथलं होतं नव्हतं तेवढं गवत करपवलं.

एका सकाळी बाईंनी नाकाला पदर लावून जाळीतून पाहिलं. एका कोंबडीच्या मागच्या बाजूला अळ्या वळवळत होत्या, आणि कोंबडी जिवंत होती. बाईंना अंगणातच ओकारी झाली.

तोंड धुऊन त्या ओसरीवर आल्या. "या आजच्या आज गेल्या पाहिजेत. सारजाबाईच्या मुलाला सांगते."

सारजाबाई शेजारच्या मळ्यातली. तिच्या मुलाचं चितेगावला चिकनचं दुकान होतं आणि त्यानं कोंबड्या विकता का, असं मागंच विचारलं होतं. तेव्हा लक्ष्मणरावांनी त्याला फाटकातूनच परतवून लावलं होतं.

"कसायाला द्यायच्या? माझ्या हातून ते पाप होणार नाही."

"आणि हे जे चाललंय ते?"

लक्ष्मणरावांनी जाळीकडं पाहिलं नाही. उपरणं खांद्यावर टाकलं. "तुला काय करायचं ते कर. मला सांगू नकोस. मी पैठणला जाऊन येतो."

ते फाटकाबाहेर पडेपर्यंत बाई पाहत राहिल्या. इतके दिवस त्यांना किळस येत होती ती कोंबड्यांची. आता ती किळसच स्वच्छ धोतरात बस गाठायला निघाली होती.

दुपारी सारजाबाई मालरिक्षात क्रेट घालून आली. पिंजऱ्यात डोकावून म्हणाली, "आगं माय! काकू, ह्यो तर उकिरडा झाला. आमी खातो, पर असं हाल नाय करीत बघा." बाईंनी पदर खोचलेला पाहून ती दचकली. "तुमी नका हात लावू. बाटसाल."

"बाटायचं ते पिल्लं आणली तेव्हाच बाटलं. कसं धरायचं, सांग."

"दोनी हातानं. पंखासकट."

पहिली कोंबडी उचलताना बाईंचे डोळे आपोआप मिटले. मऊ, कढत, ओलं. आत काळीज धडधडत होतं. दुसरीला त्यांनी डोळे उघडे ठेवले. सगळ्या भरून होईस्तोवर त्यांच्या कोपरांपर्यंत घाण आली होती. दोन कोंबड्या मरून पडल्या होत्या, एक ती अळ्यांची. सारजाबाई म्हणाली, "ह्या पुरून टाकू."

"राहू दे त्या तिथंच."

संध्याकाळी लक्ष्मणराव गंध लावून परतले. रिकामा पिंजरा पाहून त्यांचा चेहरा सैल झाला. "गेल्या वाटतं. बरं झालं. आता गावरान आणू, त्या चालत्या राहतात. चहा टाक."

बाईंनी फावडं आणून त्यांच्यापुढं ठेवलं. "दोन आहेत अजून. लिंबाच्या पलीकडं खड्डा काढा."

"अगं, मी आत्ता दर्शनाहून—"

"चहा त्यानंतर."

खड्डा झाला. लक्ष्मणरावांनी नाकाला उपरणं बांधलं. "हातमोजे कुठायत?"

"घरात नाहीत. दुपारीही नव्हते."

त्यांनी दोन बोटांत एकीचा पाय धरून उचलून पाहिलं. ओझं बोटांना झेपेना. बाई जाळीला टेकून उभ्या राहिल्या. शेवटी लक्ष्मणराव खाली वाकले आणि त्यांनी दुसरा हात तिच्याखाली घातला.