पियानोला हळदकुंकू

औरंगाबाद स्टेशनवर मला पोचवायला एकटे नाना, माझे वडील, आले होते. गाडीनं मनमाड, तिथून मुंबई, मग बोटीनं लंडन. बाकीचे सगळे रुसून घरी बसले. लग्नाच्या वयाची पोर बाजा बडवायला विलायतेला निघाली म्हणजे काय! नाना मात्र फलाटावर एवढंच म्हणाले, "बाई, हुनर हातात ठेव. कागदं बदलतात."

ते त्यांनी भोगलं होतं. निजामाच्या कचेरीत त्यांच्या उर्दू अक्षराला मान होता. पोलिस ॲक्शन झाली, कारभार बदलला आणि त्या सुरेख अक्षराला कुणी विचारेना. भरल्या संसारात नाना पुन्हा मराठीत अर्ज लिहायला शिकले. कुरकुर केली नाही, पण हसणं कमी झालं ते झालंच.

माझं हुनर म्हणजे छावणीतल्या शाळेचा पियानो. शिकवायला रोझीबाई, मूळच्या गोव्याच्या. त्यांचा नियम एकच, "हात धू अन् बस." मुलगी शिपायाची असो नाहीतर साहेबाची. खंडेनवमीला नाना लेखणीची पूजा करून दिवसभर तिला हात लावत नसत, म्हणून आम्ही मुलींनीही पियानोवर झेंडूचं फूल ठेवलं. रोझीबाईंनी ते उचलून केसांत खोवलं आणि म्हणाल्या, "झाली ना पूजा? आता वाजव."

पुढं लंडनमध्ये मी शिकले, वाजवलं, शिकवलं, रेकॉर्डिंग केलं. तिथंही सुख नव्हतं. कॉन्सर्टच्या पोस्टरवर आयोजकांना माझा साडीतलाच फोटो हवा असायचा, आणि मध्यंतरात लोक सूर सोडून कुंकवाबद्दल विचारायचे. पहिली रेकॉर्ड घरी पाठवली तर चुलत भावाचा प्रश्न, "ह्यात गाणं कधी सुरू होतं?" तेव्हा हसले, पण लागायचं ते लागलं.

आणि आता, शहराच्या नावाची पाटी बदलल्यावर, गावकऱ्यांनो, तुम्हाला मी आठवले. छावणीतल्या त्याच शाळेनं सत्काराला बोलावलं. रुसून बसलेल्यांची नातवंडं पहिल्या रांगेत, कमानीवर 'आपल्या मातीची लेक'. व्यासपीठावर माझा पियानो होता. त्याच्या डोक्यावर समई, शाली आणि नारळांची रास, अंगावर हळदकुंकवाची बोटं, झाकणाला कुलूप.

"यावर शिकतं कोण?" मी शाळेच्या अध्यक्षांना विचारलं.

"कुणीच नाय, मॅडम," ते अभिमानानं म्हणाले. "तुमचं नाव झालं तवापासून कुणाला हात लावू दिला नाय. दर खंडेनवमीला पूजा करतो. लई जपलाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे माझ्या नावानंच तुम्ही शाळेतल्या पोरींचा पियानो बंद केलात. रोझीबाईंनी असा जपला असता तर मी आज कुठं असते?

"किल्ली द्या," म्हटलं.

"वाजवायचं कार्यक्रमात नाय ना, मॅडम. सत्कार, दोन शब्द, मग जेवणं हायेत."

मी नारळ उचलून त्यांच्या खुर्चीवर ठेवले, तेव्हा किल्ली निघाली. पट्ट्यांच्या फटींत हळद भरलेली, आतलं बनातीचं कापड कसरीनं खाल्लेलं. वाजवलं. निम्म्या पट्ट्या मुक्या, निम्म्या बेसूर. तरी रोझीबाईंनी शिकवलेला पहिला धडा मी शेवटपर्यंत वाजवला. मागच्या रांगा जेवणाकडं सरकल्या होत्या. पुढच्या मुली मात्र माना उंच करून माझ्या हातांकडं बघत होत्या.

झाकण मी उघडंच ठेवलं, किल्ली परत दिली नाही. अध्यक्ष पंगतीपर्यंत मागं मागं फिरले. ती आता लंडनच्या माझ्या स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी पडली आहे. घर कुठलं, असं इथं कुणी विचारलं की अजूनही तुमच्याच गावाचं नाव तोंडात येतं, याचाही मला राग येतो.

पियानो दुरुस्त करा नाहीतर बेसूर ठेवा, पण उघडा ठेवा. नवं कुलूप लावलंत तर मला आपली म्हणू नका. शिपायाची पोर हात धुवून त्याच्यापुढं बसली, तर तेवढं माझं घर तिथं आहे.