समोरच्या दारानं आलेला डबा

चिकनगुनिया झाला तेव्हा मी घरात एकटाच होतो. बायकोला जाऊन दुसरा पावसाळा चालू होता. मुलगी लग्न होऊन नाशिकला. आमचं घर चिकलठाण्यात, दोन खोल्यांचं, पुढं थोडं अंगण. ज्या कारखान्यात मी आयुष्यभर आधी लेथवर आणि मग तपासणी विभागात काम केलं, त्याचा भोंगा अजून घरात ऐकू येतो. निवृत्त झाल्यावर दोघांनी मिळून कुठं कुठं जायचं ठरवलं होतं. शेवटी वेरूळसुद्धा राहून गेलं.

आधी ताप आला, मग सांधे धरले. मनगटं अशी आखडली की नळाची तोटी फिरेना. गॅसचं बटण दाबून वळवावं लागतं, तेही जमेना. बिस्किटं पाण्यात बुडवून खायचो. मुलीचा फोन आला की म्हणायचो, थोडी सर्दी आहे, बाकी बरंय. तिच्या सासूचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, कडेवर लहान मूल, वर नोकरी. तिला कशाला सांगायचं? आणि तिला नाही तर कुणाला सांगायचं, हे मला सुचत नव्हतं. शेजारचं घर भाड्यानं गेलेलं. तिथं कंपनीत पाळ्या करणारी पोरं राहतात, एक झोपतो तेव्हा दुसरा निघतो. त्यांचे चेहरेही मला नीट ओळखू येत नाहीत.

माझे वडील मोंढ्यात हमाली करायचे. धम्म घेतला तो मान वर करून जगायला, कुणापुढं हात पसरायला नाही, असं ते सांगायचे. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की, पुढं हात पसरायची वेळ आली तेव्हा तो कसा पसरतात हेच मला ठाऊक नव्हतं.

आमच्या विहारात एक ठेकेदार येतो. प्लॉटिंग करतो, घरं बांधतो. वय पन्नाशीच्या आत, कपडे पांढरेशुभ्र, आवाज मोठा. विहाराचं जेवणघर त्यानंच बांधून दिलं. दारावर त्याच्या आईच्या स्मरणाची संगमरवरी पाटी आहे आणि तिच्यावर त्याचं स्वतःचं नाव आईच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात कोरलंय. पौर्णिमेला त्याच्यातर्फे खीरदान असतं. तेव्हा फोटो काढणारा ठरलेला. पळी हवेत धरून ठेकेदार थांबायचा, समोर वाटी धरलेला माणूसही थांबायचा, फोटो झाला की मग खीर वाटीत पडायची.

मला ते बघवायचं नाही. घरी येताना मी बायकोला म्हणायचो, "देणाऱ्याचं मन साफ नसेल तर ते दान नाही. तो धंदा झाला."

ती म्हणायची, "खीर गोड होती ना? मग झालं."

आम्ही दोघं दरवर्षी एका वसतिगृहातल्या मुलींना वह्या आणि दप्तरं द्यायचो. नाव कुठं घ्यायचं नाही, असं तिथल्या बाईंना बजावून ठेवलेलं. दुपारी मुली शाळेत असताना जायचो, सामान ठेवून परतायचो. मला त्याचं समाधान होतं. त्या मुलींपैकी एकीनंही आमचं तोंड कधी पाहिलं नाही.

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. माझी खुर्ची रिकामी दिसली म्हणून महिला मंडळातल्या कुणीतरी विषय काढला असणार. एका रविवारी सकाळी फाटक वाजलं.

"काका! जयभीम! हायेत का घरात?"

दार उघडायला मला वेळ लागला. कडी दोन्ही तळहातांनी ढकलावी लागली. बाहेर ठेकेदार उभा, हातात चार पुडांचा डबा. मागं त्याचा ड्रायव्हर आणि मोबाइल घेतलेला आणखी एक जण.

"आरं बापरे! काका, हे काय झालं? सांगायचं नाय का कुणाला?"

त्यानं मला धरून खुर्चीत बसवलं. स्वतः आत जाऊन ताट शोधलं. वरण, भात, मेथीची भाजी, ज्वारीची भाकरी. मी भाकरीला हात घातला, पण मोडता येईना. त्यानं ते पाहिलं. भाकरी वरणात कुस्करली, चमचा माझ्या हातात दिला आणि हात धुऊन आला. मग मोबाइलवाल्याला म्हणाला, "घे रं," आणि माझ्या शेजारी वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"फोटो नको," मी म्हणालो. निदान म्हणालो असं मला वाटतं. आवाज घशाबाहेर आला का, ते सांगता येत नाही.

फोटो निघाला. मला राग आला होता. कान गरम झाले होते. पण त्याच वेळी हेही खरं होतं की, तो हात जड होता, उबदार होता आणि त्यानं तो लगेच काढू नये असं मला वाटत होतं. बायको गेल्यापासून लोक मला भेटत, हात जोडत, चौकशी करत. खांद्यावर हात कुणी ठेवला नव्हता. ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं, त्या क्षणापर्यंत.

दुपारी तो फोटो विहाराच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलेलं, आजारी ज्येष्ठ उपासकास मदतीचा हात. फोटोत मी बनियनवर, दाढी वाढलेली, पुढ्यात ताट. तो हसतोय. मी फोन पालथा घालून ठेवला. वडील असते तर काय म्हणाले असते, हा विचार संध्याकाळपर्यंत गेला नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. कुण्या भावकीतल्यानं तिला तो फोटो पाठवला होता. म्हणाली, "पप्पा, सर्दी आहे म्हणाला होता तुम्ही."

"होईल गं बरं."

"मला हे फोटोतून कळायचं? लोकांच्या मोबाइलमधून?"

दुसऱ्या दिवशी ती बाळाला घेऊन आली. घर झाडलं, औषधं आणली, माझी नखं कापली. रोज भांडली. ठेकेदाराला फोन करून फोटोबद्दल चांगलं सुनावणार होती, पण त्याच्या बायकोनं पाठवलेला डबा दारात आला तेव्हा तो घेऊन "थँक्यू वहिनींना सांगा" इतकंच म्हणाली. जायच्या दिवशी मोबाइलवर तोच फोटो बोटांनी मोठा करून बघत होती. "किती वाळलात हो पप्पा," म्हणाली, आणि बस चुकेल म्हणून उठली. ती गेल्यावर घर आधीपेक्षा रिकामं झालं. बाळाचा एक मोजा पलंगाखाली राहिला होता, तो मी धुऊन वाळत घातला.

डबा मात्र येत राहिला. कधी ड्रायव्हर आणायचा, कधी ठेकेदार स्वतः. स्वतः आला की दहा मिनिटं बसायचा, बांधकामाच्या भानगडी सांगायचा. फोटो पुन्हा काढला नाही. त्याला बहुधा एकच हवा होता.

बोटं पुन्हा नीट मिटायला लागल्यावर मी जालना रोडवरच्या त्याच्या ऑफिसात गेलो. फोटो काढून टाक, एवढंच सांगायचं ठरवून गेलो होतो. त्यानं चहा मागवला. मी सांगितलं.

"ग्रुपवरून आता निघत नाय काका, लई दिवस झाले," तो म्हणाला. "पण तुम्हाला एवढं लागलं व्हय?"

"लागलं. कुणाला दिलं की त्याचा गाजावाजा कशाला लागतो तुला?"

तो हसला नाही. खुर्ची मागं सरकवून म्हणाला, "आमचं गाव गंगापूरकडं. बाप लवकर गेला. आई दुसऱ्याच्या उसात खुरपायला जायची. मोठ्या घरातली एक बाई तिला भाकरी-कालवण द्यायची. मागच्या दारानं, गोठ्याच्या बाजूनं, पदराखाली झाकून. कुणाला सांगू नको म्हणायची. चांगली बाई व्हती, मनापासनं द्यायची. पण आम्हाला दिलं हे घरात कळलं असतं तर तिचीच पंचाईत. मग आमची आई घरी येऊन दार लावून घ्यायची अन् मगच आम्हाला खाऊ घालायची. चोरून आणल्यासारखं."

चहा आला. त्यानं कप माझ्याकडं सरकवला.

"त्या बाईचं मन तुमच्या-माझ्यापेक्षा साफ व्हतं काका. पण मला त्या भाकरीची चव आठवत नाय, दार लावल्याचा आवाज आठवतो. म्हणून ठरवलं, देईन तर समोरच्या दारानं. उजेडात. सगळ्यांना दिसंल असं."

मी विचारलं, "आणि तुझी आई ते खात असताना कुणी तिचा फोटो काढला असता, तर?"

तो कपाकडं बघत राहिला. त्याचा चेहरा एकदम लहान झाल्यासारखा वाटला.

"ह्याचा इचार नव्हता केला," तो म्हणाला.

"आणि निवडणूक? लोक म्हणतात, तुला नगरसेवक व्हायचंय."

आता तो हसला. "तेबी हाय. खोटं कशाला बोलू? आई हाय, धम्म हाय, निवडणूक हाय, नावाची हौस हाय. कुठलं किती, ते मलाच कळत नाय. तुम्हाला तुमचं कळतं का?"

मला वसतिगृहाचं शांत दुपारचं आवार आठवलं. नाव नको म्हणताना मला जे समाधान वाटायचं, ते नक्की कशाचं होतं, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. चहा संपवून घरी आलो.

पुढं त्याला तिकीट मिळालं नाही. माझ्यासारख्या एकट्या माणसांना त्याच्या घरून जाणारे डबे आता बंद होणार, असं विहारात सगळेच म्हणाले, मीही मनात म्हणालो. डबे एकदम बंद झाले नाहीत, पूर्वीसारखे चालूही राहिले नाहीत. तो स्वतः बरेच दिवस कुठं दिसला नाही. पौर्णिमेची खीर त्याच्या बायकोनं वाटली, घाईघाईत. ड्रायव्हर काम सोडून गेला. रविवारचे डबे तयार असायचे, पण न्यायला माणूस नसायचा. माझ्याकडं स्कूटर होती आणि रविवार तर माझे सगळेच रिकामे. मी म्हणालो, मी नेतो.

त्यातला एक डबा मुकुंदवाडीकडच्या एका म्हातारीचा होता. मूळची फर्दापूरची. नवरा लेण्यांपाशी पर्यटकांना रंगीत खडे विकायचा. मुलगा पुण्याला कंपनीत. एका खोलीत ती एकटी, दाराशी तुळशीऐवजी गवती चहाची कुंडी. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी माझ्या जुन्या सवयीनं डबा ठेवला आणि निघालो.

"दादा, फोटो नाय काढत का?" तिनं विचारलं.

मी चपलेत पाय घालता घालता थांबलो. म्हणालो, "नाही आजी. आम्ही नाही काढत आता."

"काढा की. आधीचे साहेब काढायचे. माझ्या पोराला पाठवा, नंबर देते."

मी मोबाइल काढला. ती थांबा म्हणाली. आत पडद्यामागं जाऊन लुगडं बदलून आली, केसांना पाणी लावून आली, बाजेवर ताठ बसली. मला वाटलं, डबा फोटोत नको असेल, म्हणून मी तो बाजूला सरकवला.

"ऱ्हाऊ द्या तिथंच," ती म्हणाली. "दिसू द्या डबा. नायतर त्याला वाटंल, सगळं बरंय."

मी फोटो काढला. तिच्यासमोरच मुलाला पाठवला. दोन खुणा उमटल्या, थोड्या वेळानं निळ्या झाल्या. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. "बघितला त्यानं," मी सांगितलं. "काय म्हणला?" तिनं विचारलं. मी म्हणालो, कामात असेल. ती म्हणाली, "व्हय, रविवारीबी कामच असतं त्याला."

त्या दिवशी मी लगेच निघालो नाही. तिनं गवती चहा केला. लेण्यांकडं उन्हाळ्यात दगड किती तापतात, परदेशी माणसं खडे हातात घेऊन उजेडात कसे फिरवून बघतात, ते ती सांगत राहिली. डब्यातली भाकरी तिनं माझ्यापुढंही ठेवली. मी घेतली.

उत्तर आलं ते बुधवारी. जोडलेल्या हातांचं एक चित्र, बस्स. ते मी तिला दाखवावं का, याचा विचार करत चार दिवस काढले. रविवारी डबा घेऊन गेलो तेव्हा दार उघडंच होतं. तिनं आधीच चांगलं लुगडं नेसलं होतं, केस विंचरले होते, आणि मी फोन खिशातून बाहेर काढायची वाट बघत ती बाजेवर बसली होती.