ओल्या दोरीची साक्ष

"अंदाजानं बोलू नका, वकीलबाई. मोजून सांगा."

असं म्हणून बाबा उजव्या हाताची वीत पसरायचे आणि समोर दिसेल ते मोजायला लागायचे. बाक, माठ, एकदा तर माझी वकिलीची बॅग. "दोन वीत चार बोटं," त्यांनी निकाल दिला. "येवढ्याशा पिशवीत येवढ्या लोकांची भांडणं मावतात कशी?"

कनेरगाव नाक्याच्या रस्त्याला आमचा फाटा आहे. तिथं एक जुनी दगडी बारव आहे. 'संरक्षित स्मारक' असा सरकारी फलक आणि राखणीला रोजंदारीवर हे बाबा, एवढाच तिचा सरंजाम. बाबा जवळच्या तांड्यावरचे. हिंगोलीच्या कोर्टात जायला मी तिथूनच बस धरायची. वेळेवर आली तर ती आमची बस कसली! त्यामुळं रोज सकाळी अर्धा तास बारवेच्या सावलीत बाबांच्या माठातलं पाणी पीत बसायची.

त्यांच्याकडे एक दोरी होती. अंबाडीची, स्वतः वळलेली, शंभर मीटर लांब. दर मीटरला गाठ आणि दर दहा मीटरला लाल चिंधी. बांधावरून दोन भाऊ एकमेकांच्या उरावर बसले, की गावातले लोक तलाठ्याच्या आधी बाबांना बोलवायचे. बाबा दोरी खांद्यावर टाकून जायचे, मोजायचे आणि सांगायचे, "हितं." मग कुणी हूं की चूं करत नसे. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल, ज्याच्या शब्दावर लोक बांधाचा दगड रोवतात.

मग एक दिवस फाट्यावर होर्डिंग उभं राहिलं. जाडजूड लोखंडी खांब आणि वर घराएवढा फ्लेक्स: 'बंगलो प्लॉट! हिंगोलीपासून फक्त दहा मिनिटांवर!' दुसऱ्या दिवशी बाबा हिंगोलीला पायी जाऊन आले. "दोन तासाला पाच मिनिटं कमी," ते मला म्हणाले. "दहा मिनिटं मोजली कुणी?" मी पोट धरून हसले. ते काही हसले नाहीत.

अशा बारवेपासून शंभर मीटरच्या आत काही उभारायचं नाही, हा नियम त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी भर पावसात दोरी टाकली. बारवेच्या भिंतीपासून खांबापर्यंत सत्त्याण्णव मीटर भरले, म्हणजे खांब तीन मीटर आत. ग्रामपंचायतीनं त्यांच्या मोजणीवर पंचनामा केला आणि होर्डिंग काढायची नोटीस दिली. होर्डिंगवाला त्या नोटिशीविरुद्ध कोर्टात गेला. त्याची वकील मी.

हो, मीच. त्याच माठातलं पाणी पिणारी. मी बाबांना आधीच सांगून टाकलं, तर ते म्हणाले, "तुमी तुमचं काम करा. मी खरं हाय तेच सांगन." माझी सगळी भिस्त नेमकी त्यावरच होती.

साक्षीला ते धुतलेलं धोतर नेसून आले. खांद्यावर दोरी. शिपायानं ती बाहेर ठेवायला सांगितली, पण बाबा ऐकेनात.

"बाबा, मोजणी केली तेव्हा पाऊस होता?" मी उलटतपासणी सुरू केली.

"व्हय. झिमझिम चालू होती."

"अंबाडीची दोरी ओली झाली की आखडते का?"

दुसरा कुणी असता तर सरळ नाही म्हणाला असता. बाबा म्हणाले, "आखडते तर! पावसात बाज कशी ताणून बसते? तशीच."

"म्हणजे तुमची दोरी बरोबर मोजत नाही?"

कोर्टात हशा पिकला. बाबांचे ओठ हलले. ते मनात काहीतरी जुळवत होते. मी घाईनं म्हणाले, "आणखी प्रश्न नाहीत," आणि खाली बसले.

घाई का केली ते सांगते. त्याच क्षणी ते माझ्याही डोक्यात जुळलं होतं. दोरी आखडली म्हणजे तिचे शंभर मीटर खऱ्या शंभरापेक्षा कमी. मग अशा दोरीनं सत्त्याण्णव भरत असतील, तर खरं अंतर सत्त्याण्णवहूनही कमी! खांब आणखीच आत होता. ग्रामपंचायतीचे वकील कागद चाळत होते, त्यांच्या काही ध्यानात आलं नाही. बाबांच्या ध्यानात यायच्या आत मी त्यांचं तोंड बंद केलं.

मोजमाप भरवशाचं नाही, असं निकालात आलं. नोटीस रद्द झाली. अशिलानं पेढे आणले, मी दोन खाल्ले. नऊ वर्षांच्या वकिलीत एवढी सफाईदार उलटतपासणी मी केली नव्हती. आज ती आठवली की मला माझीच लाज वाटते.

गावानं बाबांचं नाव ठेवलं 'ओली दोरी'. पुढच्या बांधाच्या भांडणाला त्यांना कुणी बोलावलं नाही. महिन्याभरानं बारवेवर ते माझी वाटच पाहत होते.

"वकीलबाई, मी लई इचार केला. दोरी आखडली असंल तर खांब अजूनच जवळ हाय न्हाई का?"

"हो, बाबा."

"तुमाला तवाच ठाव होतं?"

खोटं बोलता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. "हो," मी म्हणाले.

"मंग बोलल्या काहून न्हाईत?"

"मी समोरच्याची वकील होते, बाबा."

त्यांनी बाकावर वीत पसरली आणि काही न मोजताच हात उचलला. "बराबर," ते म्हणाले. मग म्हणाले, "खांब राहू द्या तिकडं. पर एक दिस पारावर या. चार माणसांत सांगा, दोरी खोटी न्हाई म्हून. लोक हसून राहिले, बाई."

"येते की."

"कवा?"

"येईन आठ-पंधरा दिवसांत."

"अंदाजानं बोलू नका."

मी गेले नाही. अशील काय म्हणेल, बाररूममध्ये काय बोलतील, पुढची कामं येतील का, असल्या शंभर सबबी मला सापडल्या. मग मी पुढच्या फाट्यावरून बस धरायला लागले. तो घरापासून लांब पडतो, तरीही.

बाबा तापानं गेल्याचं मला बसच्या कंडक्टरकडून कळलं.

आठवड्यानं मी टेप घेऊन फाट्यावर उतरले आणि आधी अंतर मोजलं. पंचाण्णव मीटर आणि वर थोडं. मग पारावर गेले. पाच-सहा माणसं बसली होती. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: दोरी खरी होती, बाबा खरे होते, मला तेव्हाच कळलं होतं आणि मी गप्प बसले. कुणी हसलं नाही. एक म्हातारा एवढंच म्हणाला, "आता काहून सांगून राहिल्या, बाई?"

मी तशीच तांड्यावर गेले आणि त्यांच्या बायकोपुढं पुन्हा तेच सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मला ठाव होतं," ती म्हणाली. "त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

ती आत गेली आणि अंबाडीच्या दोरीचा एक तुकडा घेऊन आली. बाबांची मोजायची दोरी ती नव्हे, ही नवी होती. एकीला लागून एक गाठी मारलेली. "तुमी येते म्हणल्या, तवापासून रोज सांजच्याला एक मारायचे. मी म्हणायची, येतील त्या चार-दोन दिसांत. तर म्हणायचे, अंदाजानं बोलू नको."

तिच्या उंबऱ्यावर बसून मी गाठी मोजल्या. मध्येच चुकले, पुन्हा पहिलीपासून मोजल्या.

एकशे चौदा.