काटर्नबर्गला नेलेला रोट

बायकोने मला जर्मनीला एकाच कामासाठी पाठवलं होतं. मुलगा परत येणार आहे की नाही, हे त्याच्या तोंडून ऐकून यायचं. फोनवर तो नेहमी 'बघू' म्हणायचा, आणि ते 'बघू' ऐकून आम्हा दोघांचे कान किटले होते. तिचे गुडघे धड नव्हते, त्यात थंडीची धास्ती, त्यामुळे ती येणार नव्हती. मी निवृत्त माणूस, दिवसभर एकच वर्तमानपत्र उलटंपालटं करत बसलेला. तेव्हा मीच गेलो.

मुलगा एसेन शहराच्या उत्तरेला काटर्नबर्ग नावाच्या भागात राहतो. जर्मनी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर कॅलेंडरवरचे डोंगर आणि टुमदार चर्च होती. प्रत्यक्षात ट्राममधून उतरलो आणि वाटलं, एवढा खर्च करून मी पुन्हा दीपनगरातच येऊन पडलो की काय. माझी सगळी नोकरी भुसावळजवळच्या दीपनगरात, वीजकेंद्राच्या राखेच्या पंपांवर गेली. कॉलनी कशी ओळखायची हे मला कुणी शिकवायला नको. एका मापाची घरं, एका रंगाच्या विटा, सरळ रस्ते आणि मान वर केली की कामाची जागा दिसणार. इथे चिमणीऐवजी खाणीचा लोखंडी मनोरा होता, एवढाच फरक.

रविवारी मुलगा मला फिरवायचा आणि सांगायचा. कधीकाळी इथे नुसती शेतं होती. जमिनीखाली कोळसा सापडला आणि माणसं लागली. ती पोलंडकडून आणली, प्रशियाच्या पूर्व टोकाकडून आणली. खाणीने त्यांना ही घरं बांधून दिली, घरामागे बागेचा लांबट तुकडा दिला आणि एक गोठा. त्या गोठ्यात बकरी पाळायची. तिला तिथले लोक खाणवाल्याची गाय म्हणत. हे ऐकून मला पहिल्यांदा त्या जागेबद्दल माया वाटली. चार पैसे कमवायचे आणि गावी परत जायचं, म्हणून ती सगळी माणसं आली होती. त्यांची आडनावं आता तिथल्या कबरींवर आहेत. त्यांच्या मागून तुर्कस्तानची माणसं आली, तीही परत जायच्याच बोलीवर. मग एकेक करून खाणी बंद पडल्या. जिथे माणसं काळी होऊन वर यायची, तिथे आता लोक तिकीट काढून फोटो काढायला येतात.

त्या भागाचा स्वभाव मला आवडला, खोटं कशाला बोलू. माणसं तोंडावर बोलणारी, जरा खेकसणारी. कोपऱ्यावर एक टपरी आहे, तिथे म्हातारे बियरची बाटली धरून उभे राहतात आणि सगळ्या जगाचं कसं चुकलं ते एकमेकांना सांगतात. शहराच्या दक्षिणेकडचे लोक इकडचं नाव काढलं की नाक मुरडतात, जळगावचे भुसावळकडे बघून मुरडतात तसंच. पण अर्ध्या दुकानांच्या काचांवर आतून कागद चिकटवलेले. संध्याकाळी चार वाजताच अंधारून यायचं आणि मग त्या रस्त्यांवर इतकं उदास वाटायचं, की मी घरात येऊन विनाकारण भांडी घासायला घ्यायचो.

सगळ्यात भारी पडली ती एक गोष्ट. खालचा कोळसा काढून काढून तिथली जमीन खचली आहे. घरांना तडे आहेत. मुलाच्या घरात स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवलं तर आपोआप लागतं. जमीन इतकी खाली बसली आहे, की पाणी उपसणारे पंप थांबले तर वस्तीत तळं होईल. म्हणजे खाण संपली, खाणवाले संपले, पंप मात्र कायम चालणार. कायम म्हणजे किती वर्षं, असं मी विचारलं. मुलगा म्हणाला, "कायम म्हणजे कायम, दादा." मी जन्मभर पंपांशेजारी बसलेला माणूस. पाळी संपली की दुसऱ्याच्या हवाली करून घरी जायचो. ज्या पंपाला कधी सुट्टीच नाही, त्याचा विचार करून मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

शेजारी एक तुर्की म्हातारे राहायचे, खाणीतून निवृत्त झालेले, बायको वारलेली. भुसावळच्या सवयीने मी त्यांना चाचा म्हणायला लागलो आणि त्यांनी ते मान्य केलं. आमची भाषा एक नव्हती, तरी कुंपणावरून बोलणं चालायचं. त्यांच्याकडेही हवेला हवा आणि साबणाला साबणच म्हणतात, एवढ्यावर आम्ही पहिला आठवडा काढला. बाकीचं मुलगा मधे बसून सांगायचा. चाचांच्या कपाटावर दोन मोठ्या बॅगा होत्या. तरुणपणी आले तेव्हापासून त्या तिथेच. पुढच्या उन्हाळ्यात कायमचं जायचं म्हणून बायकोने भरून ठेवलेल्या, मग मुलांच्या शाळा, मग घराचं काहीतरी. बॅगा अजून उतरवलेल्या नाहीत, असं ते हसत सांगायचे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसेना.

आता रोटाबद्दल सांगायला हवं. आमचं मूळ घर साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या अलीकडे. तिथे श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते. त्यासाठी थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, सूप पुढे घेऊन बसतात आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव मोठ्याने घेऊन त्याच्या नावाची गव्हाची मूठ सुपात टाकतात. त्याच गव्हाचा जाड भाकरीसारखा रोट होतो, आणि तो फक्त भाऊबंदकीने खायचा. लग्न करून दिलेल्या मुलीलासुद्धा देत नाहीत. बाहेरच्या माणसाच्या ताटात त्याचा कणही पडता कामा नये. पौर्णिमेच्या आत संपवायचा, आणि उरलाच तर अंगणात पुरायचा. मी गाव सोडून जन्म गेला, पण माझी मूठ कधी चुकली नाही, मुलाचीही नाही.

त्या वर्षी माझ्या बायकोने मुलाच्या वाटचा रोट चोरून वाळवला आणि माझ्या बॅगेत कपड्यांखाली बांधून दिला. मी म्हणालो, पौर्णिमा उलटली, आणि रोट घराबाहेर नेत नाहीत. ती म्हणाली, तो भाऊबंदकीतलाच ना, मग तो जिथे बसेल तिथे घरच. त्याने तो खाल्ला तर तो आपला, असं तिने मनाशी धरलं होतं. बोलली नाही, पण इतक्या संसारानंतर एवढं कळतं.

पोचल्यावर मी पुरचुंडी त्याच्या हातात दिली. आईने पाठवलाय, कानबाईचा आहे, एवढंच सांगितलं. जास्त काय सांगायचं? त्याला माहीत असणार, असं मी धरून चाललो. त्याने ती फडताळात ठेवली.

एका रविवारी चाचा चहाला आले. मी बागेतून हात धुऊन आत आलो, तर टेबलावर बशी. रोटाचे तुकडे तुपात परतून, वर साखर भुरभुरवून ठेवलेले. चाचा आवडीने खात होते. मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, आईच्या हातची भाकरी आहे म्हणून त्यांना दिली, त्यांना फार आवडली. त्याचा चेहरा अगदी निर्मळ होता. त्याला आठवतच नव्हतं. पण समोर एक म्हातारा माणूस तोंडात घास घेऊन बसलेला, त्याच्या पुढ्यातून बशी उचलायची कशी? मी खुर्ची ओढली आणि बसलो.

चाचा बोलायला लागले. त्यांची आईसुद्धा अशीच वाळवलेली भाकरी पाठवायची. पूर्वी इथे तुर्की माणूस मेला की वर्गणी काढून त्याला विमानाने गावी पाठवत. आता इथल्याच दफनभूमीत मुसलमानांसाठी वेगळा भाग आहे. बायको तिथेच आहे, शेजारची जागा त्यांनी स्वतःसाठी घेऊन ठेवली आहे. मुलगा हे सगळं मला सांगत होता. मग चाचांनी त्याला जर्मनमध्ये काहीतरी विचारलं, त्याने दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि चाचांनी मान खाली घातली. हे मात्र त्याने मला सांगितलं नाही.

"काय विचारलं त्यांनी?"

तो बशीकडे बघत म्हणाला, "विचारत होते, वडील तुला न्यायला आलेत का."

"मग तू काय म्हणालास?"

"घर विकत घेतलंय म्हणालो. आणि इथलं नागरिकत्व मिळेल आता. आपला पासपोर्ट परत करावा लागतो." मग म्हणाला, "तुम्हाला सांगणारच होतो, दादा."

ज्या कामासाठी आलो ते असं झालं. मला राग आला, फार राग आला, आणि तो सगळा त्या चाचांवर आला, हे त्यातलं सगळ्यात वाईट. त्यांचा काही दोष नव्हता. जाताना त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात दाबला. मागे स्वयंपाकघराचं दार आपोआप लागलं.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं, घराचं आणि पासपोर्टचं. तिने विचारलं, रोट खाल्ला का? कुणी खाल्ला तेही सांगितलं, आणि चाचांच्या जागेचंही सांगितलं. ती उठली आणि दळण आणायला गेली. त्या वर्षी दीपनगरातली जुनी क्वार्टरं रिकामी होत होती. दारं-खिडक्या काढून नेलेली, आत बाभळी उगवलेल्या. मी एकदा आमच्या जुन्या क्वार्टरपर्यंत जाऊन आलो आणि पुन्हा गेलो नाही.

पुढच्या श्रावणात आम्ही गावी गेलो. आबा सूप घेऊन बसले. एकेक नाव, एकेक मूठ. माझं नाव झालं, बायकोचं झालं, आणि त्यांचा हात गव्हात तसाच थांबला. मुलाच्या पासपोर्टचं त्यांना कळलेलं होतं.

"तेन्ही मूठ लेऊ का नको?"

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "ल्या, आबा."

"लेसू. पन खाई कोन?"

त्यांनी त्याचं नाव घेतलं आणि मूठ टाकली. खरंच, खायला होतं कोण? पुतणे सुरतेला, नाशिकला, आणि त्यांना एक दिवसाच्या वर रजा नव्हती. आबा, वहिनी आणि आम्ही दोघं, अशी चार म्हातारी माणसं गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीशी रोट खात राहिलो, सकाळी आणि संध्याकाळी, आणि पौर्णिमा आली तरी तो उरलाच. आबांनी अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणायला घेतला. त्यांना दम लागला म्हणून कुदळ मी घेतली.

बायकोने मुलाच्या वाटचा रोट फडक्यात बांधून वेगळा ठेवला होता. पौर्णिमेपर्यंत तिने त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. तो तिने स्वतः खाली वाकून ठेवला, दुखऱ्या गुडघ्यांनी, आणि माती मी लोटली. त्याच मातीवर हात धुताना ती म्हणाली, "त्या म्हतारानी तठे जागा लई ठेवेल शे ना?"

मी म्हणालो, हो, बायकोच्या कबरीशेजारी.

"आपला पोऱ्याले बी तठेच लेनी पडी."