जपानी भाऊचा गुडघा आणि माझा

"एसीएल पूर्ण तुटलंय," डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाले. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी धरून ठेवणारा दोरीसारखा बंध. रविवारी इथे अमेरिकेत, ॲन आर्बरच्या मैदानावर फुटबॉल खेळताना मी वळले, पाय वळला नाही.

मी एवढंच विचारलं, "परत खेळता येईल?"

डॉक्टरांनी लगेच इथल्या लीगमधल्या एका प्रसिद्ध जपानी मिडफिल्डरचं नाव काढलं. "त्यालाही हेच झालं होतं. तयारी करतोय ना परत यायची!"

हे ऐकून ऐकून पुढे माझे कान किटले. आमच्या ग्रुपमध्ये तो 'जपानी भाऊ'. लहान गावातल्या शाळेची टीम, जपानची खालची लीग, मग युरोप, आता अमेरिका. त्याच्यासाठी तिकडे जपानात लोक पहाटे उठून मॅच बघतात. इथे बसमध्ये त्याची जर्सी घातलेली मुलं दिसतात. मीही त्याचं बघूनच मिडफिल्डला खेळायला लागले.

ऑपरेशननंतर माझी रूममेट केतकी रोज व्हिडिओ पाठवायची. "यार, भाऊ पळायला लागला बघ!" पळणारच. त्याच्या दिमतीला अख्खा स्टाफ. मला आठवड्यातून एकदा फिजिओथेरपी, तीही इन्शुरन्सची मर्जी असेल तर.

फिजिओ दर वेळी विचारायची, "दहापैकी किती दुखतंय?"

"दोन."

कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिली. आमच्याकडे ताप अंगावर काढून कामाला जातात. दोन म्हणताना मला अभिमानच वाटायचा.

मग इन्शुरन्सने थेरपी बंद केली. कारण काय, तर पेशंटला फारसा त्रास नाही! माझेच दोन मला फोनवर ऐकवले. आणि इकडे जिना उतरताना माझ्या हातून कठडा सुटत नव्हता. इतकी चिडले की फोन आदळला.

त्याच आठवड्यात भाऊ मैदानात उतरला. स्टेडियम उभं राहिलं, झेंडे नाचले. बॉल त्याच्याकडे आला, समोरचा अंगावर आला आणि भाऊने पाय मागे घेतला.

"अरे, घे ना बॉल!" केतकी ओरडली.

तसा पाय मी रोज जिन्यावर मागे घेत होते.

मॅचनंतर तो दुभाष्यामार्फत म्हणाला, "गुडघा बरा आहे, भीती गेलेली नाही. ट्रेनरला रोज सांगतो."

केतकी माझ्याकडे वळली. "आणि तू कोणाला सांगतेस गं?"

इन्शुरन्सकडे पुन्हा तपासणी मागून घेतली. फिजिओने विचारलं, "दहापैकी किती?"

"चढताना चार. उतरताना सात. आणि वळायची भीती वाटते, ती कशात मोजता?"

फिजिओचा टाइप करणारा हात थांबला. "हे आधी का नाही बोललीस?"

नवे आकडे बघून इन्शुरन्सने थेरपी पुन्हा सुरू केली. खेळता येईल का, अजून कोणी सांगत नाही. चिडचिड आहेच. पण फिजिओचे आभार, आता ती जिन्यापासून सुरुवात करते. तुमच्यावर ही वेळ आली तर खरा आकडा सांगा. तिथे कमी मार्कांना बक्षीस नाही.

काल आईने फोनवर विचारलं, "पाय कसा आहे?"

ओठांवर 'बरा' आलं होतं. "दुखतो गं," म्हणाले.

ती हळूच म्हणाली, "माझापण दुखतो गं. बरेच दिवस झाले."

"आई," मी म्हटलं, "दहापैकी किती?"